मामा, यावेळी रेन चेक

गेल्या पोळ्याच्या आठ-दहा दिवस आधीची गोष्ट. पुण्याला राहणाऱ्या भाच्याला मी व्हॉट्सअ‍ॅप टाकला की बापू, यंदा तरी पोळ्याले ये, मामी पुरणाचा सैपाक करून राह्यली, अन् जोडीचं काही खरं नाही, बैल म्हातारे झाले, पुढच्या साली दावणीले राहतील का नाही मी सांगू शकत नाही. अर्ध्या घंट्यानं उत्तर आलं, "मामा, यावेळी रेन चेक."

आता तुम्हीच सांगा, भर श्रावणात शेतकऱ्याला कोणी रेन चेक म्हटलं तर तो काय समजंल?

मी चपला घातल्या अन् मागच्या आवारात गेलो. तिथं कुंपणाच्या खांबावर प्लास्टिकचं पाऊसमापक ठोकलेलं आहे, कृषी केंद्रवाल्यानं बियाण्याच्या बॅगांवर फुकट दिलेलं, त्याच्यातलं पाणी डोळ्याच्या लेव्हलला वाकून पाहिलं, पाणी सांडून ते परत लावलं आणि उत्तर टाकलं, "रात्री ४२ मिमी. पहाटून उघाड हाय. कपाशीले चांगला, मुगाचं मात्र वांधं."

तिकडून डोळ्यांतून पाणी काढत हसणारी सात तोंडं आली. मग फोनच आला. मामा, म्हणे, रेन चेक म्हणजे पाऊस चेक करा असं नाही हो, म्हणजे यावेळी जमत नाही, पुढच्या वेळी नक्की. मी म्हटलं, मंग तसं म्हण ना लेका, पाऊस कायले मधात आणतो. तर तो म्हणे दिवसभर अमेरिकेच्या लोकांशी बोलणं असते, सवय पडली, तोंडातून निघून जाते.

त्याची चूक नाही म्हणा. पण हा शब्द नेमका आमच्या भागात येऊन पडला याची मला गंमत वाटली. आमचं गाव दर्यापूर तालुक्यात. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांनी पसरलेला हा खारपाणपट्टा, जमीन काळी कुळकुळीत अन् खोल, पण विहीर खणली तर पाणी खारं, तोंडात घेववत नाही, पिकाला दिलं तर जमीन बिघडते. त्यामुळं ओलिताची बातच सोडा. जे काय ते वरून. मूग, कपाशी, तूर, सोयाबीन, अन् जमिनीत ओल टिकली तर रब्बीत हरभरा. अशा गावात पाऊस चेक करणं हा सकाळचा पहिला धंदा आहे, चहाच्या आधीचा. आमच्या ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं कमी अन् मिलिमीटर जास्त असतात. पेरणीच्या टायमाले तर एकच प्रश्न, ७५ ते १०० मिमी झाला का, कारण कृषी खातं अन् विद्यापीठवाले दरवर्षी घसा फोडून सांगतात की तेवढा झाल्याशिवाय बियाणं मातीत टाकू नका, अन् दरवर्षी आम्ही मृगाच्या पहिल्या सरीवर, ४० मिमीवरच टाकतो, अन् मग दुबार पेरणीची बॅग उधार आणायला त्याच कृषी केंद्रात जातो. पाऊसमापक फुकट का देतात ते आता कळलं असंल.

अन् अस्सल रेन चेक पाहायचा असंल तर अक्षय तृतीयेला भेंडवळला जावं. बुलडाणा जिल्हा, जळगाव जामोद तालुका. तीनशे वर्षांच्या वरची परंपरा सांगतात. संध्याकाळी शेतात घट मांडतात, गोल करून अठरा प्रकारची धान्यं, मधात खड्डा, खड्ड्यात मातीची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, घागरीवर पापड, कुरडई, भजे, वडे असं सगळं. रात्रभर तिकडं कोणी जात नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतात की कोणतं ढेकूळ किती भिजलं, कोणतं कोरडं राहिलं. चार ढेकळं म्हणजे जून, जुलै, ऑगस्ट अन् सप्टेंबर. माझा त्याच्यावर विश्वास आहे का असं भाच्यानं एकदा विचारलं होतं, मी म्हटलं अजिबात नाही, पण भाकीत आलं की ते पहिलं वाचणारा अन् ग्रुपवर टाकणारा मीच असतो.

तर मुद्दा रेन चेकचा. माझं इंग्रजी अगदीच कच्चं नाही, बी.ए.ला इंग्रजी वाङ्मय घेतलं होतं अन् पास पण झालो होतो, पण आमच्या वेळी पावसाचा इंग्रजी वाक्प्रचार म्हणजे कुत्री-मांजरी पडणे एवढाच, अन् तो पण आजवर कोणत्या इंग्रजाच्या तोंडून ऐकला नाही. भाच्याच्या सांगण्यानं समाधान झालं नाही म्हणून रात्री मोबाईल घेऊन बसलो. बायको म्हणे, झोपा आता, बॅटरी संपली तर सकाळी पंपवाल्याले फोन कसा लावान. झोप काही लागली नाही.

हा शब्द निघाला बेसबॉलचा. अमेरिकेत १८८० च्या दशकातला. पाऊस आला अन् मॅच धुतल्या गेली तर प्रेक्षकाच्या हातात तिकिटाचा एक तुकडा राहायचा, तो दाखवून पुढच्या एखाद्या मॅचला फुकटात बसता यायचं. त्या तुकड्याचं नाव रेन चेक. पाच इनिंग व्हायच्या आत खेळ बंद पडला तर तुकडा चालायचा, पाच झाल्या की मॅच झाली असं धरायचे अन् मग तुम्ही कितीही भिजून घरी जा. न्यू ऑर्लिन्सच्या संघाचे अ‍ॅबनर पॉवेल म्हणून एक होते, फाडता येणाऱ्या तुकड्याचं तिकीट काढायचं श्रेय बरेच जण त्यांना देतात, पण तशी चिठ्ठी द्यायची पद्धत त्यांच्या आधीही होती असंही दिसते. पॉवेलची जी गोष्ट सांगतात ती मला फार आवडली. तेव्हा तिकिटं जाड पुठ्ठ्याची असायची, गेटवर परत घ्यायची अन् दुसऱ्या दिवशी पुन्हा विकायची. मॅच पावसात गेली की लोक खिडकीवर रांग लावून नवीन तिकीट मागायचे, अन् त्या रांगेत पैसे भरलेल्यांपेक्षा कुंपणावरून उड्या मारून आलेलेच जास्त. मालकाचं दिवाळंच निघायचं. म्हणून हा फाडलेला तुकडा.

हे वाचून मला आमच्या यात्रेतली टुरिंग टॉकीज आठवली. जनरेटर बंद पडलं की तंबूवाला बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाच्या मनगटावर जांभळ्या शाईचा शिक्का मारायचा, उद्या याच शिक्क्यावर या. तर आम्ही पोरं रात्रीच अर्धा बटाटा कापून त्याच्यावर तसाच शिक्का कोरायचो, स्टॅम्प पॅड ग्रामपंचायतीतून आणायचो, अन् दुसऱ्या दिवशी तंबूत आदल्या दिवशीपेक्षा दुप्पट गर्दी. फक्त एकदा गडबड झाली. अक्षरं उलटी कोरायची असतात हे कोणाच्या लक्षात नव्हतं. सतरा पोरांच्या मनगटावर आरशातला शिक्का. तंबूवाल्यानं कोणाला मारलं नाही, हसला, अन् पहिल्या रांगेत मातीवर बसवलं. मनगटावरची शाई आठ दिवस जायची नाही, अन् शाळेत मास्तर मनगट पाहूनच छडी काढायचे.

आता चेक या शब्दाकडं थोडं वळतो, कारण त्यात एक अशी वस्तू सापडली की मी रात्री साडेबाराला बायकोला उठवून सांगितलं अन् बोलणी खाल्ली. इंग्रजीत चेक म्हणजे तपासणं, चेक म्हणजे बँकेचा धनादेश, चेक म्हणजे सामान ठेवल्यावर मिळणारा बिल्ला, चेक्सचा शर्ट, अमेरिकेत हॉटेलच्या बिलालाही चेक म्हणतात अन् बरोबरच्या खुणेलाही. एवढ्या सगळ्यांचं मूळ एकच, बुद्धिबळ. फारसीतला शाह, म्हणजे राजा, तो अरबीतून फ्रेंचमध्ये गेला, फ्रेंचमधून इंग्रजीत, अन् चेक झाला. राजावर नेम धरला की चेक. अन् आपल्याकडं तोच शाह आला अन् त्याचा झाला शह. म्हणजे आपण शह-काटशह म्हणतो तो अन् बँकेतला चेक हे सख्खे भाऊ आहेत. राजाला रोखायचं, मग कशालाही रोखायचं, मग पैशाच्या व्यवहारातली लबाडी रोखायला जो अर्धा कागद स्वतःजवळ ठेवायचा तो, असं करत करत हा शब्द तिकिटाच्या तुकड्यापर्यंत पोचला. तेव्हा रेन चेकचं मराठी मी माझ्यापुरतं करून टाकलं, पावसाचा शह. आमच्याकडं तर तो रोजचाच आहे, मूग तोडणीला आला की शह, सोयाबीनची गंजी लावली की शह, अन् कापूस फुटला की मात.

(आजी म्हणायची पडल्या मघा तर... पुढचं इथं लिहिण्यासारखं नाही, ज्यांना माहीत आहे ते हसतील.)

तर एवढं सगळं वाचून माझ्या डोक्यात एक गोष्ट अडकली अन् ती अजून निघाली नाही. बेसबॉलमध्ये रेन चेक द्यायचा कोण? मैदानवाला. ज्यानं बोलावलं तो. चूक ना त्याची ना तुमची, मधात पाऊस आला, पण भरपाईची जिम्मेदारी बोलावणाऱ्यानं अंगावर घेतली अन् कागद तुमच्या हातात दिला. आता ऑफिसात जेव्हा भाचा म्हणतो आय विल टेक अ रेन चेक, तेव्हा पाऊस नाहीच, खेळ तर चालूच आहे, बोलावणारा गेटवर उभा आहे, अन् जो येत नाही तोच म्हणतो की मला तुकडा द्या. अन् तुकडा तरी कुठं? कागद नाही, तारीख नाही, शिक्का नाही. या बोलण्यातल्या रेन चेकला बेसबॉलहून बाहेर पडायला फार वर्षं लागली नाहीत, विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात तो अमेरिकेच्या घराघरात जेवणाच्या निमंत्रणाला लागला होता. अन् काही जण तर आता सरळ नकारालाच रेन चेक म्हणतात, पुढचं काही मनात नसते.

अमेरिकेत दुकानातही हा प्रकार आहे, तो मात्र मला पटला. जाहिरातीत एखादी वस्तू सवलतीत दाखवली अन् तुम्ही जाईपर्यंत संपली, तर दुकानदार चिठ्ठी लिहून देतो की माल आल्यावर याच भावात मिळंल. आमच्याकडं खताच्या दुकानात काय होते? युरिया संपला. कधी येईन? पुढच्या गाडीत. गाडी कधी? पाहू. अन् त्यासोबत हे एक औषधाचं डबडं घेऊन जा म्हणजे तुमचं नाव ध्यानात राहीन.

आता आपली बाजू. आपल्याकडं नाही म्हणायची पद्धत नाही हे तुम्हाला माहीत आहे. घरातून निघताना माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो, कोणी चुकून जातो म्हटलं की बुढी दारातून परत बोलावते अन् पाणी पाजून पुन्हा येतो म्हणायला लावते. पण येतो या एका शब्दाचे आमच्याकडं इतके भाव आहेत की माझ्या बायकोनं त्याचा कोष्टक केलेला आहे. कार्यक्रम कोणताही असो, ती कोण काय म्हटलं ते माझ्याकडून जसंच्या तसं वदवून घेते अन् त्यावरून पोळ्यांचा हिशोब लावते. "येतो" म्हटलं तर चार पोळ्या धरायच्या. "येतो ना गा" म्हटलं तर दोन. "पाह्यतो" म्हणजे अर्धी. "जमलं तं येतो" म्हणजे त्याच्या नावाची कणीकच मळायची नाही. "हाव हाव, नक्की, काहून नाही" असं तिन्ही एका दमात आलं तर तो माणूस त्या दिवशी गावातच राहत नाही. अन् "आता तुम्ही बोलावलं म्हटल्यावर यावंच लागते" असं तोंड पाडून म्हणणारा पाच जणांना घेऊन येतो. तीस वर्षांत तिचा अंदाज एकदाच चुकला, तेही लोक जास्त आले म्हणून, त्या दिवशी शेजारच्या गावातलं लग्न मोडलं होतं.

मी तिला विचारलं, रेन चेकच्या किती पोळ्या? तिनं विचार केला. म्हणे, ज्याले नाही म्हणायची पण लाज वाटते अन् हो म्हणायची पण, त्याच्या कायच्या पोळ्या.

पण आपल्याकडं एक खराखुरा रेन चेक आहे, अन् तो जुन्या बेसबॉलसारखा आहे. पाहुणा घाईत आहे, गाडी लागलेली, चहा घ्यायला थांबत नाही, तेव्हा घरवाला म्हणतो, "चहा उधार राह्यला बरं तुमचा." पाहा, उधारी कोणाची? घरवाल्याची. पाहुणा काही म्हणत नाही की मी तुमच्याकडं एक चहा मागतो. आमच्या धुऱ्याचे शेजारी आहेत, वयानं मोठे, मी त्यांना काका म्हणतो, यांच्याकडं माझं एक जेवण उधार आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी मी त्यांची तूर काढायला मळणी यंत्र घेऊन गेलो होतो अन् ढग आले म्हणून जेवायला न थांबता पळालो. तेव्हापासून ते मला जिथं दिसतील तिथं, बँकेत, तेरवीत, मंडईत, सगळ्यांसमोर म्हणतात, "याचं एक जेवण बाकी हाय माह्याकडं." तीनदा मी त्यांच्या घरी जेवलो. तरी ते बाकीच धरतात, म्हणतात हे तं असंच जेवला तू, थे वालं अजून राह्यलं. त्या जेवणाला आता व्याज लागलं असंल. एकदा धुऱ्याच्या एका फुटावरून आमचं भांडण झालं, दोन महिने बोलणं बंद, तेव्हासुद्धा त्यांनी तिसऱ्या माणसाजवळ निरोप दिला होता की भांडण वेगळं, जेवण वेगळं.

सगळी उधारी अशी गोड नसते. २०१७ साली तुरीचं पीक इतकं आलं होतं की सरकारी खरेदीच्या रांगा लागल्या. केंद्रावर नाव लिहिलं की टोकन मिळायचं. तो माझा पहिला रेन चेक म्हणायचा, खेळ आज नाही, हे घ्या, नंबर आला की या. मी टोकन खिशात घालून आठवडाभर ट्रॉली राखत बसलो, रात्री पोत्यांवर झोपलो, एक दिवस अवकाळीनं गाठलं, ताडपत्री उडाली, वरची पोती भिजली, अन् माझा नंबर यायच्या आत खरेदी बंद झाली. त्या तुकड्यावर पुढच्या मॅचला कोणी बसू दिलं नाही. व्यापाऱ्याला पडत्या भावात दिली. टोकन मी अजून ठेवलं आहे, कपाटात, का ठेवलं ते मला सांगता येत नाही.

अन् चेक म्हटलं की गावात कोणाला विम्याचा चेक आठवणार नाही असं होणार नाही. पिकाचा विमा, आधी पावसानं नुकसान झालं की ७२ तासांच्या आत कळवावं लागायचं, रेंज असो नसो. चोवीस तासांत महसूल मंडळात ६५ मिमीच्या वर पडला तर अतिवृष्टी, पण मोजणार मंडळाच्या ठिकाणचं यंत्र, अन् पाऊस तर आमच्याकडं रस्त्याच्या या अंगाला पडतो अन् त्या अंगाला धूळ उडते. माझ्या खांबावर ८०, यंत्रात ५०. एका वर्षी माझ्या खात्यात जी रक्कम आली तिच्यात युरियाची एक बॅग पण आली नसती, अन् बॅग २६६ रुपये ५० पैशाला मिळते. भाच्याला मी तेव्हा सांगितलं होतं की विमा आला, तो म्हणे अभिनंदन मामा. मी थँक्यू म्हटलं. काय म्हणणार.

मॅचवरून आठवलं. या भाच्यासोबतच मी जामठ्याला गेलो होतो, २३ सप्टेंबर २०२२, भारत-ऑस्ट्रेलिया टी-ट्वेंटी. तेव्हा तो अजून रेन चेकवाला झाला नव्हता, तिकिटं त्यानंच काढली, मला म्हणे मामा तुम्ही फक्त या. दर्यापूरहून नागपूर म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आसपास, एसटी बदलत बदलत गेलो. आधी झालेल्या पावसानं मैदान ओलं. सातची मॅच, साडेसात झाले, आठ झाले, अम्पायर येतात, बुटानं माती दाबून पाहतात, परत जातात. मी तिथंच ओळखलं, ही आमच्याच जातीची काळी माती, वरून सुकलेली दिसते अन् पाय टाकला की चिखल, यांनी मला विचारलं असतं तर सांगितलं असतं की आज वाफसा येत नाही. शेवटी साडेनऊला सुरू झाली अन् आठ-आठ ओव्हरची झाली. ऑस्ट्रेलिया ९०, आपण ९२, रोहित शर्मा २० चेंडूंत नाबाद ४६, शेवटच्या ओव्हरला कार्तिकनं सिक्स अन् फोर मारून खेळ संपवला. तिकीट चाळीस ओव्हरचं, मॅच सोळाचीही पूर्ण नाही. टी-ट्वेंटीत दोन्ही बाजूंना पाच-पाच ओव्हर झाल्या तर मॅच धरतात, तिकडं बेसबॉलमध्ये पाच इनिंग, पाचाचा हा हिशोब कोणी ठरवला कोण जाणे. कोणी तुकडा देणार नव्हतं, अन् त्या रात्री कोणाला नको पण होता. परत येताना बसस्टँडवर तर्री-पोहे खाता खाता भाचा म्हणे, मामा, पुढची मॅच पूर्ण पाहू, बाकी राह्यली. मी म्हटलं, हाव.

ती बाकी तशीच आहे. मी त्याला कधी आठवण दिली नाही.

परवा फोनवर त्याच्याशी यावर बोललो, म्हटलं बापू, राग नको मानू पण हा शब्द मला लबाड वाटते. तो थोडा गप्प राहिला. मग म्हणे, मामा, इथं सरळ नाही म्हटलं तर लोक दुसऱ्यांदा विचारत नाहीत. रेन चेक म्हटलं की दार उघडं राहते. अन् म्हणे, तुम्ही तरी काय करता, बँकेचा माणूस वसुलीला आला की तुम्ही काय म्हणता? मी म्हणतो कापूस विकल्यावर देतो. तो म्हणे, झालं ना.

झालं खरं. पण बँकेचा माणूस पुन्हा येतो, न बोलावता.

एक गोष्ट मात्र मला इंग्रजांची समजली नाही अन् समजणार पण नाही, की त्यांचा पाऊस नेहमी कार्यक्रम बिघडवायलाच कसा येतो. पैसा साठवून ठेवायचा तर पावसाळी दिवसासाठी, म्हणजे वाईट दिवसासाठी. अंगात कणकण असली तर म्हणायचं मी हवामानाच्या खाली आहे. आपल्याकडं पावसाळी दिवस म्हणजे काय? हवामान खात्याच्या हिशोबानं ज्या दिवशी अडीच मिमी किंवा जास्त पाऊस पडला तो दिवस. असे दिवस आम्ही जूनपासून बोटावर मोजतो, जसे पोरं सुट्टीचे मोजतात. पैसा साठवून ठेवायचा तर आम्ही म्हणू कोरड्या दिवसासाठी. अन् आमच्याकडं पाऊस आला म्हणून कोणी निमंत्रण मोडत नाही, पाऊस आला म्हणून उलट चार माणसं ओट्यावर जमतात, कांदाभजे होतात, अन् ज्याला बोलावलं नव्हतं तो पण छत्री झाडत येतो.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडं खांदशेकणी असते. संध्याकाळी बैल धुऊन आणायचे, त्यांच्या खांद्यावर जिथं वर्षभर जू घासलेलं असते तिथं तूप-हळद लावायची, पळसाच्या पानानं शेकायचं, अन् म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." माझा बाप म्हणायचा, त्याचा बाप म्हणायचा, मी म्हणतो. मुक्या जनावराला एक दिवस आधी रीतसर आवतन. अन् जनावर काही म्हणत नाही की पाह्यतो, जमलं तं येतो. यंदा म्हणताना माझा आवाज जरा बसला, कारण म्हाताऱ्या बैलानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं अन् पुन्हा कडब्यात तोंड घातलं. बायकोनं मागून विचारलं, डाळ किती भिजवू? मी म्हटलं, कोष्टकाप्रमाणं. ती म्हणे, अन् रेन चेक? मी काही बोललो नाही. तिनं डाळ किती भिजवली ते मी पाहिलं नाही, पण दुसऱ्या दिवशी पुरण उरलं होतं, अन् तिचं पुरण उरत नसते.

पोळा झाला. झूल, बेगड, घुंगरं, तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, झाली, जोडी घरोघर फिरली, पाऊस दुपारपर्यंत थांबला होता अन् तोरण तुटल्यावर आला, पोळा झाला अन् पाऊस झाला भोळा म्हणतात तसं काही दिसत नव्हतं. भाचा आला नाही. रात्री त्याला जोडीचा फोटो पाठवला, त्यानं हात जोडलेले पाठवले.

दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. सकाळी लाकडी नंदी घेऊन पोरं दारात येऊन गेली अन् मी ओट्यावर चहा घेत होतो तेव्हा मोबाईल वाजला. भाच्याचा मेसेज.

"मामा, रेन चेक?"

मी चहा खाली ठेवला. थोडा वेळ कळंना की आता हे कोणत्या भाषेत आहे, येतो म्हणते का येत नाही म्हणते. मग चपला घातल्या, मागं गेलो, खांबापाशी वाकलो अन् लिहिलं, "३.५ मिमी. पावसाळी दिवस धरला."

लगेच दोन निळ्या खुणा झाल्या. मग खाली आलं, "उद्या पण सांगा."

तेव्हापासून रोज सकाळी विचारते पोरगं. दिवाळी झाली, पाऊस जाऊन दोन महिने झाले, मापकात कोळ्यानं जाळं केलं, तरी विचारते, अन् मी रोज मागं जाऊन पाहून येतो अन् लिहितो, शून्य.